आधी नाव, मग नार्मल

एका शब्दावर चूल पेटलेली तुम्ही कधी पाहिली आहे का? मी पाहिली आहे. एकदा नाही, चांगली चाळीस-पन्नास वेळा.

तळेघरच्या अलीकडे एक फाटा आहे. त्या फाट्यावर किसनभाऊंचा टेलिफोन बूथ होता. बूथ म्हणजे पत्र्याची पिवळी टपरी, आत एक फोन, एक स्टूल आणि मागच्या वर्षीचं कॅलेंडर. मोबाईल आले नव्हते तेव्हाची, नव्वदीच्या शेवटाची ही गोष्ट. आमची उंबरवाडी डोंगराच्या पलीकडे, मधे खिंड. फाट्यावरून खिंडीपर्यंत अर्धा तास चढ, खिंडीतून वाडीपर्यंत अर्धा तास उतार. वाडीत ना फोन, ना एसटी. कुणाची लेक मंचरला बाळंतपणाला गेलेली असायची, कुणाचा म्हातारा पुण्याच्या दवाखान्यात असायचा, आणि सगळे तिकडे किसनभाऊंचा नंबर देऊन ठेवायचे.

फोन आला की किसनभाऊ टपरीला कुलूप घालायचे, पाटीवर खडूने ‘बाहेर गेलोय’ लिहायचे आणि निघायचे. मागे कुणी फोनसाठी ताटकळत असो, शिव्या घालत असो, ते वळून बघायचे नाहीत. खिंडीत पोचले की दोन्ही हात तोंडाशी धरून आधी माणसाचं नाव घ्यायचे, मग एकच शब्द.

“ठकूबाईऽऽ! नाऽऽर्मल!”

बास. खाली ठकूबाई उंबऱ्यावर बसलेली असायची ती उठायची, आणि पाच मिनिटांत तिच्या कौलांतून धूर निघायचा. बाकीचं सगळं, म्हणजे मुलगा की मुलगी, टाके किती, घरी कधी सोडणार, हे किसनभाऊ खाली आल्यावर सांगायचे. पण तो अर्धा तासाचा उतार माणसाला टांगून ठेवायचं नाही, हा त्यांचा कायदा. तळ्यावरच्या म्हशीसुद्धा त्या आवाजाला माना वर करायच्या, एवढा तो आवाज.

तो आवाज एका वर्षी बसला. का बसला आणि पुढं काय झालं, ते सांगायला मी बसलोय. पण आधी माणूस नीट ओळखीचा व्हायला हवा.

मी जुन्नरचा. फाट्याजवळच्या हायस्कुलात इंग्रजीचा मास्तर म्हणून लागलो आणि राहायला खोली मिळाली ती उंबरवाडीत. स्वभावाने मी खडूस आहे. कुणी चुकीचं इंग्रजी बोललं की मी तिथल्या तिथे दुरुस्त करायचो. आता जिथे रोज जाता-येता कानावर ‘नार्मल’ आदळणार, तिथे माझं काय होत असेल बघा! बरं, दवाखान्यापुरतं म्हणाल तर तसंही नव्हतं. शिरपाचा हरवलेला बैल डिंभ्याच्या बाजूला सापडला, तरी “शिरपाऽऽ! नार्मल!” दहावीचा निकाल लागून पोरगं पास झालं, तरी नार्मल. पाहुण्यांनी पोरगी पसंत केली, तरी खिंडीतून तेच.

एके दिवशी मी शब्दकोश बगलेत मारून टपरीवर गेलो.

“किसनभाऊ, नॉर्मल म्हणजे काय माहीत आहे? नेहमीसारखं, सर्वसाधारण. विशेषण आहे ते. बैल सापडला याला नॉर्मल म्हणत नाहीत.”

“मंग काय म्हणत्यात?”

“बैल सापडला म्हणतात!”

“त्ये खाली गेल्याव सांगतोच की. वरनं काय सांगायचं त्येचं बोला.”

“वरनं ‘बरं आहे’ सांगा. मराठीत शब्द मेलेत का?”

किसनभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच नववीत नापास झालोय. “सर, ‘बरं हाय’ आपुन कवा म्हणतो? कुणी इचारलं की म्हणतो. घरात भांडण पेटलेलं आसंना, तरी म्हणतो. ‘ठीक हाय’ तसलंच. मराठीत आपल्याला खोटं बोलायची लई सवय झालीया. नार्मलची सवय न्हाई आजून. मंचरची सिस्टर फोनवर नार्मल म्हनली म्हंजे त्ये तपासून म्हनली.”

“पण अर्थ?”

“पुस्तकातला अर्थ ऱ्हाऊ द्या पुस्तकात. नार्मल म्हंजे, आता जेवायला हरकत न्हाई.”

मी शब्दकोश परत बगलेत मारला आणि तणतणत शाळेत गेलो. आज सांगायला लाज वाटत नाही, त्या कोशात एवढा सरळ अर्थ मला कुठल्याच शब्दाचा सापडला नव्हता.

‘जेवला का’ हे किसनभाऊंचं दुसरं खूळ. फोन करायला आलेल्या माणसाला आधी हे विचारणार. माणूस म्हणणार, “अहो नंबर लावा, घाई हाय.” हे म्हणणार, “लावतो. जेवला का?” समोर वाण्याच्या दुकानातून पाव नाहीतर फुटाणे आणून हातावर ठेवणार आणि मग डायल फिरवणार. स्वतः वाडीत एकटेच राहायचे. आई होती ती वारली, थोरला भाऊ पुण्यात बायकोमुलांत. लग्नाचं विचारलं की म्हणायचे, “ऱ्हायलं.” जसं काही पिशवी एसटीत राहिली.

तुम्ही विचाराल, बातमी नार्मल नसली तर? मीही विचारलं होतं. खिंडीतून गप्प उतरले तर वाडीला कळणारच की!

“तवा खिंडीतनं येतच न्हाई,” ते म्हणाले. “खालच्या वाटनं येतो. वढ्याच्या कडंनं.”

ती वाट तासाभराने लांबची, काट्याकुट्याची. वाडीतून ती दिसत नाही. त्या वाटेने येऊन ते त्या घरी जायचेच नाहीत आधी. शेजारच्या बाईला हळूच सांगायचे, “त्यांच्या पोरास्नी तुज्याकडं बोलाव आन् जेऊ घाल.” म्हातारं माणूस असलं तर त्याच्या घशाखाली चहा आणि अर्धी भाकरी उतरेपर्यंत पावसापाण्याच्या गप्पा मारायचे. मग सांगायचे. कारण एकदा सांगितल्यावर त्या घरात दोन दिवस कुणी जेवणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

हे आलं कुठून? एकदा खिंडीत टेकलो असताना त्यांनीच सांगितलं. लहानपणी थोरल्या भावाला पोटाचं ऑपरेशन करायला पुण्याला नेलं होतं. सोबत वडील. घरी आई आणि हे. ऑपरेशन पहिल्याच दिवशी चांगलं झालं. वडिलांनी गावच्या एका पाहुण्याजवळ निरोप दिला. पाहुणा वाटेत एका लग्नात रमला. हळद झाली, लग्न झालं, वरात झाली, आणि हा जिलबी खाऊन चौथ्या दिवशी वाडीत उगवला. तोवर आईने चूल पेटवली नव्हती. किसनभाऊंना शेजारच्यांनी जेवू घातलं, आई मात्र पाण्यावर.

“भाऊ तर बराच व्हता, सर. पयल्या दिवसापासनं बरा व्हता. मंग त्या चार दिवसांचं काय?”

मी आपलं “चला, उशीर होतोय,” म्हणून उठलो.

माझी पाळी दोन वर्षांनी आली. बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी, जुन्नरला. सासऱ्यांचा फोन आला की दवाखान्यात नेतोय, आणि मग रात्र गेली, सकाळ झाली, काही नाही. मी नववीला विशेषणं शिकवत होतो. फळ्यावर ‘गुड, बेटर’ लिहिलं, पुन्हा ‘बेटर’ लिहिलं, तिसऱ्यांदाही ‘बेटर’च लिहिलं तेव्हा पोरं फिदीफिदी हसायला लागली. एवढ्यात मैदानाच्या त्या टोकाहून आरोळी आली.

“सऽऽर! नाऽऽर्मल!”

गडबडीत किसनभाऊ नाव घ्यायचं विसरले होते. शाळेत आम्ही सहा सर. सहाच्या सहा व्हरांड्यात धावले. हेडमास्तरांच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, पीटीच्या सरांच्या भावाची कोर्टाची तारीख होती, प्रत्येकाला वाटलं आपलंच. हेडमास्तर ओरडले, “अहो कुणाचं?”

“विंग्रजीच्या सरांचं!”

बाकीच्या पाच जणांचे चेहरे पडले. किसनभाऊ तसेच वर्गात आले, टेबलाखालचा माझा डबा काढला, उघडला आणि पुढ्यात ठेवला. “पोरगी झाली. दोघी बऱ्या हायत. कालपास्नं जेवला न्हाई तुमी. जेवा.” सकाळचे अकरा वाजले होते. मी नववीच्या वर्गासमोर भाकरी खाल्ली आणि रडलो. दोन्ही एकदम करू नये, ठसका लागतो. त्या दिवसानंतर मी त्यांच्या इंग्रजीत चूक काढली नाही.

आणि त्याच्या पुढच्या वर्षी शिमग्यापासून त्यांचा आवाज बसायला लागला. आधी आम्ही थट्टाच केली. “किसनभाऊ, नार्मल नार्मल करून आवाज अॅबनॉर्मल झाला बघा तुमचा.” ते हसायचे. भात लावून झाला, गणपती गेले, तरी आवाज येईना. खिंडीत उभे राहिले की नुसती हवा निघायची, मग ते पत्र्याचा डबा बडवून आधी लक्ष वेधायचे. मला एकदा गळ्याशी गाठ दिसली. चांगली लिंबाएवढी. मफलर गुंडाळून ती त्यांनी दसऱ्यापासून लपवली होती.

मी अंगावर धावूनच गेलो. “अक्कल गहाण ठेवलीत काय? दुनियेच्या दवाखान्याचे निरोप आणता आणि स्वतः?”

“कुणाला सांगू नका, सर. एकडाव वाडीत गेलं म्हंजे जेवणार न्हाईत बाया.”

शेवटी मीच त्यांना पुण्याला घेऊन गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, चांगल्या होत्या. गाठीत सुई घालून आतलं थोडं तपासायला काढून घेतलं. ओरडायचं पूर्ण बंद, म्हणाल्या. गाठ कसली आहे ते रिपोर्ट आल्यावरच कळेल. “तळेघरहून पुन्हा कशाला येता? शनिवारी दुपारी मी फोन करते.” सिस्टरने कागद पुढे ओढला.

“घरचा फोन नंबर?”

किसनभाऊंनी बूथचा नंबर घडाघडा सांगितला. हजारदा सांगून तोंडात बसलेला.

“फोन कोण घेईल?”

“मीच.”

“तुम्ही नाही हो, घरचं कुणीतरी. पेशंटला आम्ही एकदम सांगत नाही.”

किसनभाऊ म्हणाले, “समद्यांचे मीच घेतो, बाई.” सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं ‘शांतता राखा’ वाचत राहिलो.

एसटीने मंचर सोडलं, तेव्हा ते माझ्या कानाशी येऊन घोगरं बोलले. “सर, एक घोळ झाला. शनवारी फोन वाजंल. आन् मला उचलावा लागंल.”

एवढ्या वर्षांत लोकांचे एवढे फोन उचलले. या फोनला मात्र माणूस घाबरला. शुक्रवारी संध्याकाळी शाळा सुटल्यावर त्यांनी टपरीची किल्ली माझ्या हातात दिली.

“उद्या तुमी बसा. मी घरला थांबतो. नार्मल आसलं तर वरनं सांगा.”

“आणि नसलं तर?” हे मी विचारायला नको होतं.

“तुमाला म्हाईत हाय की वाट,” ते म्हणाले आणि मफलर सारखा करत निघून गेले.

शनिवारी सकाळची शाळा करून मी टपरीत बसलो. आयुष्यात एवढा वाईट ऑपरेटर त्या बूथने पाहिला नसेल. पहिला फोन मुंबईहून, शिरपाच्या मुलाचा. “बापाला सांगा, सोमवारी येतोय.” मी लिहून घेतलं आणि नाव लिहायचं विसरलो. दुसरा रॉंग नंबर, त्याच्यावर मी एवढा खेकसलो की त्यानेच माफी मागितली. मग कुणीतरी फोन लावायला आलं, त्याला म्हटलं, “लाइन मोकळी ठेवायची आहे, नंतर या.” तो म्हणाला, “किसनभाऊ असं कधी करत न्हाईत.” मी म्हटलं, “मी किसनभाऊ नाही!” बारा वाजले, एक वाजला. दोन वाजता मी फोन बंद तर पडला नाही ना म्हणून उचलून पाहिला, आणि मग नेमका ह्याच वेळात पुण्याचा फोन आला तर, म्हणून घाबरून ठेवला.

सव्वादोनला वाजला.

“तळेघरचे ना? रिपोर्ट आला. बिनाइन आहे.”

मी इंग्रजीचा मास्तर. हे विशेषण मला पाठ होतं. बिनाइन म्हणजे दयाळू, कनवाळू, सौम्य. परीक्षेत वाक्यात उपयोग करायलासुद्धा मी ते दिलं होतं. आणि त्या क्षणी मला त्याचा अर्थ म्हणून काही कळेना.

“म्हणजे नॉर्मल का, बाई?”

“नॉर्मल असं नाही म्हणता येणार. गाठ आहे. पण साधी आहे, धोक्याची नाही. आवाज ओरडून ओरडून बसलाय, तो वेगळा भाग. तो येईल हळूहळू, पण ओरडायचं नाही.”

“कॅन्सर नाही ना?”

“नाही हो.”

“मग नॉर्मल म्हणू का?”

“अहो, नॉर्मल आणि बिनाइन...”

“बाई, माणूस खाली बसलाय. वरनं काय सांगू तेवढं बोला!”

त्या जराशा थांबल्या, मग हसल्या. “म्हणा. नॉर्मल म्हणा.”

मी कुलूप घातलं. पाटीवर ‘बाहेर गेलोय’ लिहिलं. अर्ध्या तासाचा चढ किती वेळात चढलो देव जाणे, खिंडीत पोचलो तेव्हा छाती भात्यासारखी चालली होती. खाली खळ्यांवर भाताची झोडणी चालू होती. बाया, गडी, सगळी वाडी बाहेर. टोकाला किसनभाऊंचं घर, दार उघडं, कौलांवर धुराचा पत्ता नाही. मी दोन्ही हात तोंडाशी धरले. पहिली हाक खिंडीतच विरली. मास्तरकीत पोरांवर एवढा ओरडलो, पण डोंगरावरून ओरडणं वेगळं असतं. दुसऱ्यांदा पोटातून जोर लावला.

“किसनभाऊऽऽ! नाऽऽर्मल!”

खाली झोडणी थांबली. माणसं वर बघायला लागली. आधी त्यांना कळेचना, कारण हे नाव खिंडीतून कधी आलंच नव्हतं. मी पुन्हा ओरडलो. नॉर्मल नाही, चक्क नार्मल. मग ठकूबाईने हातातली पेंढी टाकली आणि पदर सावरत ती किसनभाऊंच्या घराकडे धावली. तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे शिरपाची बायको.

मी तिथेच उभा राहिलो. उभा काय, खडकाला धरून होतो. डोळे त्या कौलांवर. बराच वेळ काही नाही. मग कोपऱ्यातल्या एका कौलाखालून धुराची रेघ निघाली, आधी बारीक, मग दाट. अरे देवा, सुटलो रे बाबा, असं मी मोठ्याने म्हणालो. ऐकायला कुणी नव्हतं.

खाली पोचलो तर दारात ठकूबाईच्या तोंडाचा पट्टा सुरू. “आमच्या घरचं समदं तू येऊन सांगितलंस, किसना, आन् तुजं दुखणं आमाला डोंगरावनं कळावं व्हय रं? एवढे परके झालो व्हय आमी?” किसनभाऊ चुलीशी उकिडवे बसून लाकूड सारत होते. ठकूबाई त्यांना बोलत होती आणि रडत होती, आणि शिरपाच्या बायकोने तेवढ्यात काथवट ओढून भाकऱ्या थापायला घेतल्या होत्या. किसनभाऊंच्या नाकाच्या शेंड्यावर पाणी थांबलं होतं, धुराचं असेल नाहीतर कशाचं.

मला पाहिल्यावर त्यांनी खुणेने जवळ बोलावलं आणि कुजबुजले, “कागदावर काय लिवलंय, सर? खरंच नार्मल?”

“कागदावर दुसराच शब्द आहे,” मी म्हटलं. “पण अर्थ तोच. जेवायला हरकत नाही.”

त्यांनी मान हलवली, दोनदा. मग माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि तेच आपलं ठरलेलं विचारलं.

“तुमी जेवला का?”

तेव्हा माझ्या लक्षात आलं. डबा तसाच टपरीत राहिला होता. सकाळपासून माझ्या पोटात अन्नाचा कण नव्हता.

किसनभाऊंनी हात लांब करून फळीवरून दुसरी ताटली काढली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि आपल्या ताटलीशेजारी मांडली.